ढोरांचा डॉक्टर व्हायचंय? मग अकरावीचा फॉर्म नीट भरा

पशुवैद्यक व्हायचे की नाही, हे आपल्याकडे पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ठरून जाते, आणि बहुतेकदा ठरवणाऱ्याच्याही नकळत. दहावीचा निकाल लागतो. अकरावीचे प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे पुसद, वणी किंवा दारव्ह्याच्या एखाद्या नेट कॅफेत बसून विज्ञान शाखेपुढे खूण केली जाते. मग कॉलेजात विषयांचा फॉर्म हातात पडतो. गणित की जीवशास्त्र, की दोन्ही? दुसरी भाषा कोणती? बायफोकल घ्यायचे का? मागच्या वर्षी शेजारच्या पोराने जे घेतले तेच घेऊन बरेचजण मोकळे होतात. पुढच्या साडेपाच वर्षांच्या पदवीचा दरवाजा त्या एका पानावर उघडतो किंवा बंद होतो, म्हणून ते पान सावकाश समजून घेऊ.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळ्या वयात येते. तिथे मुले आधी कॉलेजात जातात, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र असे विषय एकेक करून पुरे करतात आणि मग चार वर्षांच्या पशुवैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करतात. कुठले विषय हवेत, याची प्रत्येक संस्थेची यादी निराळी. त्यामुळे विसाव्या वर्षीही मन बदलता येते, राहिलेला विषय पुढच्या सत्रात घेता येतो. आपल्याकडे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी थेट बारावीनंतर सुरू होते. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे तिकडची मुले कॉलेजच्या चार वर्षांत जी निवड करतात, ती आपल्या मुलांना अकरावीच्या पहिल्या आठवड्यात करावी लागते.

मूळ अट साधी आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय हवेत, आणि या चारांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर राखीव प्रवर्गांना ४७.५ टक्के गुण हवेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. इंग्रजी या हिशेबात धरली जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'इंग्लिश तर पास झालं की झालं' म्हणणाऱ्या मुलाचे इतर तीन विषय काठावर असले, तर एकूण टक्केवारीला तिथेच धक्का बसतो.

पण ही झाली नुसती पात्रता. गुणवत्ता यादी लागते 'नीट'च्या गुणांवर. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे अर्धे गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ४५-४५. पेपर मराठीतूनही देता येतो. मात्र अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलाने ऐनवेळी मराठी पेपर मागू नये. दोन वर्षे 'मायटोकाँड्रिया', 'रिडक्शन' वाचलेल्या डोळ्यांना 'तंतुकणिका', 'क्षपण' नवखे वाटतात आणि तिथे वेळ जातो. माध्यमाचा निर्णयही अकरावीतच करावा.

आता हेच विषय कशाला, असा प्रश्न मुलांना पडतो आणि तो पडायलाच हवा. गाय-बैल लहानपणापासून हाताळलेल्या पोराला वाटते, आपल्याला यातले सगळे माहीत आहे, मग हे अणू-रेणू मध्येच कुठून आले? त्याचे उत्तर आपल्याच शेतातून देता येईल.

पाऊस ताणून धरतो, तेव्हा ज्वारीची वाढ खुंटते. किंवा कापणीनंतर धसकटांना कोवळे फुटवे येतात. भुकेले जनावर दावे तोडून त्यात शिरते, भराभर खाते आणि थोड्याच वेळात धापा टाकत कोसळते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. पान चघळले गेले आणि पोटातल्या जंतूंनी त्यावर काम केले, की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात हे झपाट्याने होते. सायनाइड पेशीत जाऊन श्वसनाच्या साखळीतल्या शेवटच्या विकरातील लोहाला चिकटते. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. श्वास चालू, रक्त लाल आणि जनावर गुदमरून मरते आहे. ज्याला अकरावीचा पेशीश्वसनाचा धडा समजला आहे, त्यालाच यातली विसंगती उलगडते.

यावरचा उपाय तर सरळ रसायनशास्त्राच्या वहीतला आहे. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट देतात. ते रक्तातल्या काही हिमोग्लोबिनच्या लोहाचे ऑक्सिडीकरण करते, दोन प्रभाराचे लोह तीन प्रभाराचे होते. तीन प्रभाराच्या लोहाकडे सायनाइडची ओढ जास्त, म्हणून ते पेशीतून सुटून रक्तात येते. पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट दिले जाते. ते गंधकाचा अणू पुरवते, सायनाइडचे थायोसायनेट होते आणि लघवीवाटे बाहेर पडते.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच ज्वारीत, विशेषतः युरिया जास्त पडला आणि मग पावसाने दगा दिला तर, नायट्रेट साठते. पोटातले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात, नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे लोह बिघडवते आणि मग त्या रक्ताला प्राणवायू वाहताच येत नाही. या जनावराचे रक्त चॉकलेटी दिसते. उपाय मिथिलीन ब्लूचा. दोन्ही जनावरे धापा टाकतात, दोन्ही एकाच शेतात पडलेली असू शकतात. सायनाइडवरचे सोडियम नायट्राइट या दुसऱ्याला टोचले, तर त्याच्या रक्तातले उरलेसुरले चांगले हिमोग्लोबिनही जाईल. बांधावर उभे राहून, घरधनी आणि निम्मे गाव भोवती जमलेले असताना, रक्ताचा रंग पाहून हा फरक काही मिनिटांत ओळखायचा असतो. रेडॉक्स अभिक्रिया घोकून पास होता येते, पण त्या समजल्या नसतील तर या ठिकाणी काम अडते. म्हणून रसायनशास्त्र हा फक्त 'नीट'साठी उरकायचा विषय मानू नये, असे माझे ठाम मत आहे. यवतमाळसारख्या कापसाच्या आणि फवारणीच्या जिल्ह्यात तर नाहीच. २०१७मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीची अनेक औषधे ज्या वर्गातली असतात, ती ऑर्गॅनोफॉस्फेट विषे माणसाच्या चेतासंस्थेवर जे करतात, तेच फवारलेले गवत खाल्लेल्या बैलाच्या चेतासंस्थेवरही करतात.

जीवशास्त्राबद्दल वेगळे सांगायला नको. २०२२मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती. शेळीची लस गायीला का, असे गावोगाव विचारले गेले. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच प्रजातीतले सख्खे नातलग आहेत, म्हणून एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही काही प्रमाणात अडवते. वर्गीकरणाचा कंटाळवाणा धडा असा कामी येतो.

आता फॉर्मवरचा खरा तिढा, गणित. पशुवैद्यकीय प्रवेशाला गणित लागत नाही. 'नीट'मध्ये गणिताचा पेपर नाही. मग ते सोडावे का? पीसीबी, म्हणजे गणिताशिवाय भौतिक-रसायन-जीवशास्त्र, घेणारे म्हणतात, सोडा, तो वेळ जीवशास्त्राला द्या. पीसीएमबी, म्हणजे त्यासोबत गणितही, घेणारे म्हणतात, असू द्या, इंजिनीअरिंगचा रस्ता मोकळा राहतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आपल्या जिल्ह्यापुरती एक तिसरी बाजू आहे आणि ती फारशी कुणी मांडत नाही.

राज्यातले पशुवैद्यकीय शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. सगळे त्याला 'माफसू' म्हणतात. २०००मध्ये ते सुरू झाले. याच विद्यापीठाचे एक महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यातच, पुसदजवळ वरुडला आहे, दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय. तिथे दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक. पदवी मिळते. दूध तापवणे, थंड करणे, पावडर करणे, चीज, आइस्क्रीम, यंत्रे, गुणवत्ता तपासणी असे तिथले शिक्षण. पण ती अभियांत्रिकीच्या वळणाची पदवी आहे, म्हणून तिला बारावीचे गणित लागते. पशुवैद्यकीयचा नंबर थोडक्यात हुकलेला उमरखेड-महागावकडचा मुलगा वरुडचा विचार करायला जातो, तेव्हा त्याला कळते की जीवशास्त्राच्या भरवशावर गणित सोडल्यामुळे आपल्या घराजवळचे हे कॉलेजही आपल्याला बंद आहे. याच विद्यापीठाच्या मत्स्यविज्ञान पदवीला, म्हणजे नागपूर आणि उदगीरच्या कॉलेजांना, जीवशास्त्रवाला मुलगा चालतो. दुधाला चालत नाही.

गणिताच्या बाजूने आणखी एक गोष्ट. भौतिकशास्त्रात सदिश, लॉगरिदम, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन सतत लागते. गणित सोडलेल्या मुलाला ते भौतिकशास्त्राच्या सरांकडून घाईघाईने शिकावे लागते आणि आपल्या भागातल्या मुलांचे 'नीट'चे गुण नेमके भौतिकशास्त्रातच गळतात. पुढे पदवीतही पशुअनुवंशशास्त्र आणि पैदाशीच्या विषयात जैवसंख्याशास्त्र शिकावे लागतेच.

शिवाय रोजच्या कामातला हिशेब आहे. खेड्यात जनावराचा वजनकाटा नसतो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, शरीराच्या लांबीने गुणायचे आणि १०,८४०ने भागायचे, की किलोमध्ये अंदाजे वजन येते. घेर १५० आणि लांबी १३० असेल, तर वजन सुमारे २७० किलो. आयव्हरमेक्टिनची मात्रा किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे या जनावराला ५४ मिलिग्रॅम. एक टक्का द्रावणाच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असते, तेव्हा ५.४ मिली भरायचे. यात अवघड काही नाही, पण मायक्रो आणि मिलीत गल्लत झाली तर मात्रा हजारपट चुकते.

तरीही सगळ्यांनी डोळे झाकून गणित घ्यावे, असे मी म्हणणार नाही. झरी-जामणी किंवा मारेगावच्या आश्रमशाळेतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच विज्ञान शाखेला गेलेल्या मुलीला चार जड विषय एकदम पेलणे सोपे नाही, आणि शिकवणी लावायला जवळ शहर नाही. दहावीच्या गणिताने तिचा जीव मेटाकुटीला आणला असेल, तर तिने निर्धास्तपणे पीसीबी घ्यावे आणि भौतिकशास्त्राला लागेल तेवढेच गणित वेगळे शिकून घ्यावे. दहावीला गणितात बरे गुण असतील आणि आवडही असेल, तर मात्र केवळ 'नीटला लागत नाही' म्हणून ते सोडू नये. माझा कौल असा.

बायफोकलचे, म्हणजे द्विलक्षी विषयांचे, गणित वेगळे आहे. द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतो. त्यामुळे इंग्रजी, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक, एवढेच उरते. पशुवैद्यकीयकडे जाणाऱ्याने संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या ओढीने बायफोकल घेताना जीवशास्त्र गळत नाही ना, हे फॉर्मवर बोट ठेवून तपासावे. पीकशास्त्र, तसेच पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय हेही द्विलक्षी विषय आहेत, पण ते जिथे शिकवले जातात तिथेच मिळतात. जवळच्या कॉलेजात असेल आणि गणित नकोच असेल, तर पशुविज्ञानाचा विषय उत्तम. गोठ्याची रचना, चारा, दुधाची तपासणी यांची ओळख आधीच होते. मात्र त्याने टक्के वाढतील आणि मग नंबर लागेल, या आशेवर तो घेऊ नये. पात्रतेची टक्केवारी त्या चार विषयांचीच मोजतात आणि यादी 'नीट'ची लागते. बायफोकलचे १८० गुण गुणपत्रिकेवर शोभून दिसतात, पशुवैद्यकीयच्या यादीत ते कुठेच येत नाहीत.

दुसऱ्या भाषेत फार वेळ घालवायला नको. मराठी घ्या. पदवीचे सगळे शिक्षण इंग्रजीतून होईल, पण त्यातच विस्तार शिक्षण नावाचा विषयही आहे, आणि नोकरी लागल्यावर गाय माजावर कधी आली होती, वार पडली का, पाणी किती पिते, हे विचारायचे ते गोठ्यात उभे राहून. आपल्या जिल्ह्यात तर एका तालुक्यात बंजारा बोली, दुसऱ्यात कोलामी किंवा गोंडी, पांढरकवड्याच्या पुढे तेलुगू. ज्याच्या घरी यातली एखादी बोलली जाते, त्याच्याकडे आधीच एक शिदोरी आहे.

पदवीत शिरल्यावर विषय निवडायला फारसा वाव नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने अभ्यासक्रम देशभर एकसारखा आखलेला आहे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रिया व जीवरसायन आणि पशुधन उत्पादन व्यवस्थापन. मग आहारशास्त्र, पैदास, सूक्ष्मजीव, परोपजीवी, औषधे आणि शेवटी शस्त्रक्रिया, औषधोपचार, प्रसूती. निवड येते ती नंतर, पदव्युत्तर शिक्षणात. अकोल्याची पदव्युत्तर संस्था विदर्भातच आहे. कुणाला टिपेश्वरच्या वाघांवर काम करायचे असते, त्याचाही रस्ता याच पदवीतून जातो. वन्यप्राण्यांचा डॉक्टर म्हणून वेगळा बारावीनंतरचा प्रवेश नाही. पशुधन पर्यवेक्षकाची पदविका हेही चांगले काम आहे, पण त्याने नोंदणीकृत पशुवैद्यक होता येत नाही. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडची नोंदणी लागते.

पहिल्या झटक्यात नंबर लागला नाही, तर? बरेचजण एक वर्ष रिपीट करतात, काहीजण सोबत बी.एस्सी.ला नाव घालतात. बी.एस्सी. झाल्याने पशुवैद्यकीयला वेगळा प्रवेश मिळत नाही. पुन्हा 'नीट'च द्यावी लागते. पण बी.एस्सी. करायचीच असेल तर प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र धरावे, आणि जिथे मिळेल तिथे सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायन जोडावे. या विषयांचा अभ्यास 'नीट'ला पूरक ठरतो, आणि नंबर लागलाच तर पहिल्या दोन वर्षांत त्याचा फायदा होतो. पर्यायी विषयाला जागा असेल, तर संख्याशास्त्राचा एखादा पेपर घ्यावा. पुढेमागे परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असला, तर तिथेही ते पाहिले जाते. इथली पदवी घेऊन अमेरिकेत जनावरांवर उपचार करायचे असतील, तर मात्र तिथल्या समकक्षतेच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात.

शेवटी प्रवेशाची यंत्रणा. 'नीट'चा अर्ज भरला म्हणजे पशुवैद्यकीयचा अर्ज झाला, हा गैरसमज दरवर्षी कुणाचे ना कुणाचे वर्ष बुडवतो. निकालानंतर 'माफसू'चा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. एकूण जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांची नोंदणी परिषदेकडे वेगळी होते. दोन्ही भरावेत. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करून टाकावा, बारावीच्या मेमध्ये धावाधाव करून ते हाती येत नाही. अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअरचेही तसेच.

कॉलेजांचा पसंतीक्रम लावताना नागपूरवरच अडून बसू नये. नागपूरचे कॉलेज १९५८चे, मुंबईचे परळचे १८८६चे, तिथे महानगरातल्या कुत्र्या-मांजरांचे रुग्ण भरपूर. पण पुसद, उमरखेड, महागावच्या मुलांना परभणी नागपूरपेक्षा जवळ आहे. परभणीचे कॉलेज १९७२मध्ये सुरू झाले, तेव्हा पुसदच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. परभणी आणि उदगीरच्या कॉलेजांकडे शेतकऱ्यांच्या गाई-म्हशी-शेळ्यांच्या केसेस जास्त येतात. आपल्या जिल्ह्यात परत येऊन काम करायचे असेल, तर तो अनुभव मोलाचा. शिरवळचे कॉलेज सातारा जिल्ह्यात आहे, जरा लांब. एखादे नवे कॉलेज यादीत दिसले, तर त्याला परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर पाहूनच पसंती नोंदवावी.